जुने ऑटोफोकस रोल कॅमेरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि माझी लांबलेली उत्तरं)

गळ्यात रोलचा कॅमेरा दिसला की लोक थांबवून विचारतातच, मग ते नाशिकच्या गोदाघाटावर असो, बुधवारच्या बाजारात असो की कुणाच्या हळदीत. प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल. मी बँकेत नोकरीला आहे, फोटोग्राफर वगैरे काही नाही, पण सात-आठ वर्षांत अकरा कॅमेरे हातातून गेले, त्यातले चार मेले, आणि त्या चारांनी बाकीच्या सातांपेक्षा जास्त शिकवलं.

रोल अजून मिळतो का?

मिळतो. महाग मिळतो, पण मिळतो. खर्चाचं खाली सांगितलंय.

मोबाईल खिशात असताना हा खटाटोप कशाला?

खरं सांगू का, फोटो मोबाईलचाच चांगला येतो, दहातल्या आठ वेळा तरी. जो म्हणतो रोलचा फोटो मोबाईलपेक्षा शार्प येतो त्याने दोन्ही शेजारी ठेवून बघितलेलं नसतं.

माझं कारण वेगळं आहे. रंगपंचमीला तिवंधा चौकात गेलो होतो, रहाड (रंगाने भरलेला जुना हौद) उघडलेली, सगळीकडे तो पिवळा रंग, पोरं धावत येऊन त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतायत आणि आजूबाजूला शंभर मोबाईल वर. मोबाईलवाले व्हिडिओ घेतात, लगेच खाली मान घालून बघतात, पाठवतात, तोपर्यंत पुढचा धप्पा होऊन गेलेला असतो. माझ्याकडे पॉलिथीनच्या पिशवीत गुंडाळलेला कॅनन ईओएस ३०० होता, रोलमध्ये २२ फोटो बाकी होते आणि मागे स्क्रीनच नाही म्हटल्यावर बघणार काय, मान वरच राहिली. एक पोरगा उडी मारताना डोळे गच्च मिटून नाक धरून उडाला, तो फोटो आहे माझ्याकडे, आणि तो मला मिळालाय हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

ते तीन आठवडे ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी हा खटाटोप आहे. ज्यांना त्रास वाटतो त्यांनी खरंच मोबाईल वापरा, काही बिघडत नाही.

जुने ऑटोफोकस म्हणजे नक्की कुठले? सगळेच जुने कॅमेरे तसेच नसतात का?

नाही हो. घराघरात जो होता, तो याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१०, त्यात फोकस करायची सोयच नव्हती, लेन्स एका अंतरावर पक्की बसवलेली, उन्हात सगळं बऱ्यापैकी दिसायचं आणि जवळ गेलं की आत्याचं नाक धूसर. आणि लग्नातला फोटोग्राफर जो वापरायचा, निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१०००, तो हाताने रिंग फिरवून फोकस करायचा. ऑटोफोकस म्हणजे अर्धं बटण दाबलं की कॅमेरा स्वतः अंतर ओळखून लेन्स फिरवतो.

असा पहिला धंद्यात उतरलेला कॅमेरा कोनिका सी३५ एएफ, १९७७ चा. १९७९ मध्ये कॅननने इन्फ्रारेडचा किरण सोडून अंतर मोजणारा एएफ३५एम काढला. मोठ्या कॅमेऱ्यांत, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआरमध्ये, खरी उलथापालथ १९८५ ला झाली, मिनोल्टा ७००० ने. फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या पोटातच, लेन्सला वेगळं डबडं जोडायची गरज नाही. बाकीच्या कंपन्यांची झोप उडाली. निकॉनने १९८६ ला एफ-५०१ आणला, कॅननने १९८७ ला ईओएस ६५० आणला आणि त्यासाठी आपला जुना माउंटच, म्हणजे लेन्स बसवायची खाच, मोडीत काढला, जुने गिऱ्हाईक चिडले ते चिडलेच. मिनोल्टावर तर अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने ऑटोफोकसच्या पेटंटवरून केस ठोकली आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी डॉलरच्या वर मोजावे लागले.

मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ते साधारण १९८५ ते २००५ मधले एसएलआर. काळं प्लास्टिक, वर छोटी एलसीडी, हातात धरायला फुगीर ग्रिप.

ते तर डिजिटल डीएसएलआरसारखेच दिसतात. त्यात जुनेपणाची मजा काय?

दिसायला काहीच नाही, आणि तीच तर लॉटरी आहे. लोकांना रोलचा कॅमेरा म्हटलं की चामडं, चकचकीत धातू, रिंगवर कोरलेले आकडे असं पाहिजे असतं, इन्स्टावर टेबलावर कॉफीशेजारी ठेवला की छान दिसला पाहिजे. त्यामुळे एफएम२ आणि के१००० च्या किमती चढत गेल्या. दुसरीकडे खिशात मावणाऱ्या ऑलिंपस म्यू-२ आणि कॉन्टॅक्स टी२ ला सिनेमावाल्या सेलिब्रिटींनी हात लावला, त्याही गेल्या हातातून. मध्ये राहिले हे बिचारे काळे प्लास्टिकवाले, ज्यांची कुणाला आठवणच येत नाही. आपल्याकडे तर आणखीच, कारण ज्या काळात हे विकले जात होते त्या काळात मध्यमवर्गीय घरात ते परवडायचेच नाहीत, आणि जे परवडायला लागले तोपर्यंत डिजिटल आलं.

आता गंमत बघा. निकॉन एफ-८०१, १९८८ चा, त्याचा शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, १/८००० सेकंदापर्यंत जातो. एफएम२ ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात त्याचा १/४००० वर थांबतो. एफ-८०१ मध्ये ऑटोफोकस आहे, रोल आपोआप पुढे जातो, उजेड मोजणारा मीटर जास्त हुशार आहे, साध्या पेन्सिल सेलवर चालतो. आणि मला तो एफएम२ च्या पाचव्या हिश्शाला मिळाला. का, तर त्याच्यावर प्रेम करणारं कुणी नाही.

पण हाताने फोकस केल्याशिवाय फोटोग्राफी शिकता येत नाही म्हणतात.

म्हणणारे म्हणतात. मी पण आधी मॅन्युअलच घेतला होता, एक झेनिट, जुन्या नाशकातल्या एका म्हाताऱ्या काकांकडून. पहिल्या रोलचे ३६ पैकी १९ फोटो फोकस चुकलेले. दुसऱ्यात १४. पुतणी तेव्हा दोन वर्षांची होती, दोन वर्षांचं पोर तुम्ही रिंग फिरवेपर्यंत थांबतं का. एक रोल धुवून स्कॅन करून दीड हजाराच्या आसपास गेला तेव्हाच्या हिशोबाने आणि हातात काय, तर धूसर पोर.

प्रकाश, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं लहान-मोठं होणारं भोक), शटर हे शिकायचंच असेल तर या ऑटोफोकसवाल्यांत पण मॅन्युअल मोड आहे, कुणी अडवलंय. उलट फोकसचं टेन्शन गेलं की माणूस समोरच्या माणसाकडे बघायला लागतो. माझे चांगले फोटो सगळे ऑटोफोकसवर आल्यापासूनचे आहेत, यात माझं कौतुक काही नाही, चुकायची एक जागा कमी झाली इतकंच.

बरं पटलं. मग घेऊ कुठला?

आधी हे बघा की घरात कुठल्या कंपनीच्या लेन्स पडल्यात. भावाचा, मामाचा, कुणाचा जुना डीएसएलआर असेल तर अर्धं काम झालं.

कॅनन असेल तर डोकं लावूच नका. १९८७ पासूनचे सगळे ईओएस रोल कॅमेरे ईएफ लेन्स घेतात, आजच्या डीएसएलआरची ५० एमएम एफ १.८ एसटीएम लावली तरी ३० वर्षं जुन्या बॉडीवर सुरळीत फोकस करते, कारण मोटर लेन्समध्ये आहे. फक्त किटमध्ये येणारी १८-५५ लागणार नाही, ती ईएफ-एस आहे, म्हणजे डिजिटलच्या छोट्या सेन्सरसाठीची, आणि मिररलेसच्या आरएफ पण नाही. बॉडी म्हणाल तर ईओएस ३०० (१९९९ चा) नवशिक्यांना बेस्ट. वजन काहीच नाही, सात फोकस पॉइंट, आणि त्यात एक भन्नाट गोष्ट आहे की रोल घातल्या घातल्या तो सगळा रोल बाहेर खेचून घेतो आणि मग एकेक फोटो काढला की तेवढा भाग परत डबीत ओढतो. म्हणजे मध्येच कुणी झाकण उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुरक्षित, जळतात ते न काढलेले. आमच्याकडे भाच्याने हे प्रत्यक्ष करून दाखवलंय, २४ फोटो वाचले. काउंटर पण त्यामुळे उलटा चालतो, किती काढले ते नाही, किती उरले ते दाखवतो.

पैसे थोडे जास्त असतील तर ईओएस ३० किंवा ईओएस ५. ईओएस ५ (१९९२) मध्ये तुमचा डोळा ज्या फोकस पॉइंटकडे बघतोय तो पॉइंट कॅमेरा निवडतो, हो, १९९२ मध्ये. मला चष्मा आहे, माझ्या डोळ्याला तो साफ चुकतो, पण बायकोच्या डोळ्याला दहापैकी आठ वेळा बरोबर, त्यामुळे तो कॅमेरा आता तिचा आहे.

निकॉनचं प्रकरण जरा किचकट आहे. माउंट तोच राहिला पण आतल्या भानगडी बदलत गेल्या. जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीतल्या मोटरचा स्क्रू फिरवतो, घर्रर्र असा आवाज येतो, मला आवडतो, देवळात लाज वाटते. नवीन जी लेन्सवर ॲपर्चरची रिंगच नाही, त्यामुळे एफ-८०१ सारख्या जुन्या बॉडीवर ती अर्धवटच चालते. एफ८० (२०००), एफ१०० (१९९९) आणि एफ५ (१९९६) वर मात्र जी लेन्स पूर्ण चालतात, मोटरवाल्या एएफ-एस पण. डीएक्स लेन्स, म्हणजे निकॉनची छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठीची, लावली तर फोटोच्या चारी कोपऱ्यांत काळोख येईल. थोडक्यात एफ८०, पैसे असतील तर एफ१००. एफ५ घेऊ नका, आठ पेन्सिल सेल लागतात आणि मानेचा काटा ढिला होतो.

मिनोल्टा कुणाला आठवत नाही म्हणून सगळ्यात स्वस्त. डायनॅक्स ५, डायनॅक्स ७ सुंदर कॅमेरे आहेत, आणि २००६ मध्ये कंपनीने कॅमेऱ्यांच्या धंद्याचा गाशा गुंडाळला तेव्हा माउंट सोनीने पुढे चालवला, त्यामुळे सोनीच्या जुन्या अल्फा लेन्स लागतात. पेंटॅक्सचे एमझेड मालिकेतले मिळाले तर बघा, पण मी दोनच वापरलेत, जास्त बोलत नाही.

विकत घेताना काय तपासायचं? विकणारा तर म्हणतो "एकदम चालू कंडिशन".

"चालू कंडिशन"चा अर्थ एवढाच की त्याने बॅटरी घातली आणि वरची स्क्रीन लागली. मी कॅमेरा बघायला जाताना स्वतःच्या बॅटऱ्या नेतो, एक वाया गेलेला रोल नेतो आणि एक कापसाची काडी. सीबीएस बस स्टँडजवळ एका टपरीवर बसून केलेला सौदा सांगतो म्हणजे कळेल.

ईओएस ६०० होता, वरून आरशासारखा. विकणारा जुना लग्नवाला, चांगला माणूस. मी मागचं झाकण उघडलं, शटरच्या पात्यांवर मोबाईलचा टॉर्च मारला, आणि मधोमध एक काळपट तेलकट डाग. त्या काळच्या बऱ्याच ईओएसमध्ये शटरला धक्का बसू नये म्हणून आत फोमचा छोटा तुकडा असतो, तो इतक्या वर्षांनी विरघळून डांबरासारखा होतो आणि पात्यांवर येऊन बसतो. मग पाती चिकटतात, अर्धा फोटो काळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसता येतो पण काही रोलनंतर परत येतो कारण फोम आत तसाच असतो. त्यांना दाखवलं तर त्यांनाच आश्चर्य, म्हणाले, अहो दहा वर्षं झाकणच उघडलं नव्हतं. १२०० वरून ४०० वर आले. घेतला. अकरा रोल चालला आणि मेला. माझ्या मते पैसे वसूल.

बाकी मग बॅटरीच्या कप्प्यात पांढरा-हिरवा साका आहे का बघा. वाया गेलेला रोल घालून पूर्ण फिरवून परत गुंडाळू द्या, आवाज मध्येच रडका झाला तर सोडा. अर्धं बटण दाबून खिडकीच्या गजावर आणि मग लांबच्या टाकीवर फोकस करून बघा. झाकण उघडं ठेवून वेगवेगळ्या स्पीडला क्लिक करा, मागून बघितलं की प्रत्येक वेळी चौकोनातून उजेड चमकला पाहिजे. झाकणाची कडी प्लास्टिकची असते, ती तुटलेली नाही ना. फ्लॅश उडतोय ना. एलसीडीच्या कोपऱ्यात शाई पसरल्यासारखं दिसत असेल तर आकडे वाचता येतायत तोवर चालतंय. आणि लेन्स उजेडाकडे धरून बघायची, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, चार पावसाळे कपाटात काढलेली लेन्स असते ती. धुळीच्या दोन-चार कणांनी काही होत नाही.

मागचं झाकण हाताला चिकटतंय, गूळ लागल्यासारखं. खराब झालाय का?

नाही, तो निकॉनचा आजार आहे, एफ९० आणि एफ८० ला हमखास. झाकणावरचा रबरासारखा थर म्हातारा होऊन चिकट होतो. कॅमेरा आतून ठणठणीत असतो, आणि चिकटपणा बघून किंमत पाडायला बरं पडतं. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, जुन्या बनियनच्या तुकड्यावर घ्यायचं आणि घासत बसायचं. दोन तास लागतात, बोटं काळी होतात, खालून गुळगुळीत काळं प्लास्टिक निघतं. कापड ओलं पाहिजे, टपकणारं नको. लेन्सच्या काचेजवळ आणि एलसीडीजवळ जाऊ नका.

बॅटरी कुठली? ती मिळते का नाशकात?

इथे लोक फसतात. कॅमेरा दोन हजाराचा आणि बॅटरी सहाशेची असं होतं. एफ-८०१, एफ१०० ला चार पेन्सिल सेल, कुठल्याही किराणा दुकानात. एफ८० ला सीआर१२३ए दोन, ईओएस ३०० ला सीआर२ दोन, ईओएस ५ आणि जुन्या ६०० वाल्यांना तो दोन नळ्या जोडल्यासारखा २सीआर५. पेन्सिल सेल सोडले तर बाकी ऑनलाइनच मागवा. बॅटरी गेली की हे कॅमेरे पूर्ण ठप्प, एक फोटोसुद्धा नाही, त्यामुळे एक जोडी कायम बॅगेत. कॅमेरा महिनाभर ठेवून देणार असाल तर बॅटरी काढूनच ठेवा, प्लीज.

रोल कुठला घालू आणि खर्च किती?

कलरमध्ये कोडॅक कलरप्लस २००, गोल्ड २००, अल्ट्रामॅक्स ४००. हा आकडा म्हणजे रोलचा स्पीड, जितका मोठा तितका कमी उजेडात चालतो. दुपारच्या उन्हात घाटावर २०० भरपूर झाला. घरात, देवळात, पावसाळ्यात ४००. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इलफर्डचा एचपी५ प्लस किंवा केंटमीअर ४००. एकेकाळी आपला स्वतःचा रोल होता, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा, नाव "इंदू". तो कारखाना बंद पडला, आता सगळं बाहेरून येतं आणि किंमत तशीच असते.

खर्चाचं लपवत नाही. माझा मागचा कलर रोल, तो धुवून स्कॅन करणं आणि जायचं-यायचं कुरियर असं सगळं धरून एका फोटोला ४५ रुपयांच्या आसपास पडले. मिसळीची प्लेट दोन-तीन क्लिकमध्ये गेली. म्हणूनच म्हणतो, कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, रोलवर घाला. वीस हजाराचा एफएम२ घेऊन वर्षात दोन रोल काढणारे मित्र आहेत माझे.

एक धोक्याची सूचना. सिनेमाची फिल्म कापून डबीत भरून स्वस्तात विकतात. जुन्या साठ्यातल्या फिल्मला मागून काळा थर असतो, तो साध्या कलर लॅबच्या मशीनमध्ये गेला तर त्यांचं केमिकल नासतं, तुमचा रोल जातो आणि वर शिव्या बसतात. लॅबला आधी विचारा. शिवाय अशा डब्यांवर ते चांदीचे-काळे चौकोन नसतात, ज्याला डीएक्स कोड म्हणतात. १९८३ पासून ते चौकोन वाचून कॅमेरा रोलचा स्पीड स्वतः ओळखतो. चौकोन नसले की कॅमेरा आपल्या मनाने एक आकडा धरून बसतो, बऱ्याचदा १००. एसएलआरमध्ये हाताने बदलता येतो, लक्षात ठेवून बदला.

धुवायला कुठे देता?

मी कलर पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरियर करतो. पाठवताना आधी विचारून घ्या की निगेटिव्ह परत मिळणार का. एका लॅबने मला लिंकवर स्कॅन पाठवले आणि महिन्याने निगेटिव्ह मागितल्या तर म्हणे टाकून दिल्या, "सर कोणी मागत नाही". आजीचा शेवटचा दिवाळीचा फोटो त्यात होता, स्कॅन आहे, पण लहान साइजचा. तेव्हापासून पार्सलमध्ये चिठ्ठीच टाकतो, मोठ्या अक्षरात.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुतो, अवघड नाही, भजी तळण्यापेक्षा सोपं आहे. डी-७६ या डेव्हलपर केमिकलमध्ये एचपी५ ला २० अंशांना साडेसात मिनिटं. अडचण २० अंशांची आहे. जानेवारीत निफाडच्या थंडीची हवा आली की नळाचं पाणी त्याच्याही खाली, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं ते जवळपास कलरच्या तापमानाचं, कलरला ३८ लागतात. मग पातेल्यात बर्फ टाकून केमिकलच्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या. आई म्हणते फ्रीजमध्ये आंब्याला जागा नाही आणि तुझे रोल आहेत. खरंय ते, रोल फ्रीजमध्येच ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

फोकस सारखा चुकतो किंवा बटणच दाबलं जात नाही.

बटण दाबलं जात नाही याचा अर्थ बहुतेक वेळा कॅमेरा सांगतोय की फोकस लागला नाही, मी फोटो काढणार नाही. बिघाड नाही तो, हट्टीपणा आहे.

जुन्या एसएलआरचा फोकस काळ्या-पांढऱ्याच्या कडा शोधतो. कोरी भिंत, धुकं, पांढरा सदरा याच्यावर त्याला काही सापडत नाही, लेन्स पुढे-मागे करत बसतो. आणि ऐंशीच्या दशकातल्या बॉडीत मधोमध एकच आडवी पट्टी असते, तिला फक्त उभ्या रेषा दिसतात. हे मला कळलं रामकुंडाजवळ, एफ-८०१ घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर फोकस करत होतो, पायऱ्या म्हणजे नुसत्या आडव्या रेषा, दहा मिनिटं घर्रघर्र चालू, शेजारी पिंडदानाला बसलेले भटजी बघायला लागले. मग कॅमेरा उभा केला, टक्कन लागला. तर असं करायचं, कॅमेरा थोडा तिरका करून फोकस घ्या, अर्धं बटण तसंच धरून ठेवा, परत सरळ करा, मग पूर्ण दाबा.

छोटे खिशातले कॅमेरे इन्फ्रारेड सोडतात, त्यांचं दुखणं वेगळं. एसटीच्या खिडकीच्या काचेतून फोटो काढला की किरण काचेवर आपटून परत, फोकस काचेवर, आणि अंजनेरीचा डोंगर धूसर. काच खाली करा. दोन माणसं शेजारी उभी असतील तर मधल्या फटीतून मागच्या भिंतीवर फोकस जातो, हा तर प्रत्येक घरातल्या अल्बमचा फोटो आहे.

बाबांच्या कपाटात एक आहे, आत रोल पण आहे. काय करू?

झाकण उघडू नका! आधी बॅटरी बदला, मग खाली किंवा बाजूला छोटं बटण असतं, दोन बाणांचं चिन्ह किंवा छोटासा खळगा, ते पेनच्या टोकाने दाबलं की रोल परत गुंडाळला जातो. मोटरचा आवाज थांबला की मगच उघडा. लॅबला सांगा की रोल जुना आहे. मित्राच्या घरी असा निघालेला, २००३ च्या कुंभाचा, रंग सगळे जांभळट झालेले पण पंचवटीतली गर्दी आणि त्यात खांद्यावर बसलेला तो स्वतः, ओळखू येत होता.

तारीख छापणारा कॅमेरा असेल तर ती बंद करा. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं कॅलेंडर २०१९ ला संपलंय.

विमानात नेला तर रोल खराब होतो का?

चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, तिथला एक्स-रे जोरदार असतो. हातातल्या बॅगेत ठेवा आणि पारदर्शक पिशवीत काढून हाताने तपासा म्हणून विनंती करा. काही ठिकाणी नवीन सीटी स्कॅनर आलेत ते जास्त वाईट. कधी ऐकतात, कधी नाही. नम्रपणे बोललं तर जास्त वेळा ऐकतात.

बंद पडला तर रिपेअर होतो का? पुढे किंमत वाढेल का?

दोन्हीला नाही. मॅन्युअल कॅमेरा कुणी जुना कारागीर खोलून वंगण घालून चालू करेल, पण यांच्यात सर्किट आहेत, लवचिक पट्ट्या आहेत, पार्ट येत नाहीत. माझे चार मेले ते मेलेच, त्यांचे आयपीस आणि झाकणं काढून ठेवलीत बाकीच्यांसाठी. रोलचा ऑटोफोकस एसएलआर आज नव्याने कुणी बनवत नाही, निकॉनचा एफ६ शेवटपर्यंत टिकला होता, तोही २०२० मध्ये बंद झाला. म्हणजे जे आहेत तेवढेच, आणि रोज कमी होतायत. पण म्हणून गुंतवणूक म्हणून घेऊ नका, बंद पडलेल्या प्लास्टिकला कोण विचारतं. दोन हजाराचा घ्या, हाणा, मेला तर दुसरा.

२०२७ च्या कुंभाला नेणार का?

नेणार. ईओएस ३०० आणि ५० एमएम, बस. पावसाचे दिवस, गर्दी, पोलीस, चिखल, पडला तरी रडू येणार नाही असाच कॅमेरा पाहिजे. बायको ईओएस ५ नेणार म्हणते.

तुमच्याकडचा एखादा विकायचाय का?

एफ८० आहे, चिकटपणा काढलेला, पण त्यात आत्ता रोल आहे आणि अजून ११ फोटो बाकी आहेत. संपले की सांगतो.